संगीत नाटकाची तालीम : पद सुरू झालं की पात्र कुठे जातं?

तालीमवाला (२४ नोव्हेंबर)

मंडळी, मदत हवी आहे.

आमचा सोलापुरातला हौशी गट यंदा गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' करतोय, कोवळ्या शारदेचं लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरवतात ती गोष्ट. प्रयोग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. मध्ये गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे तालीम बंदच धरा. आमच्यातले तिघे नंदीध्वजाच्या सरावालाही जातात, त्यामुळे ते संध्याकाळी उशिरा येतात. जागा मिळालीय पूर्व भागात, एका यंत्रमाग कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. भाडं नाही, मालक नाटकवेडे. फक्त खाली माग चालू असले की त्यांची लय वेगळी आणि आमची वेगळी.

गद्य छान बसलंय. देवलांचे संवाद आज तोंडात घेतले तरी घरातलं माणूस बोलतंय असं वाटतं, १८९९ सालचं नाटक आहे हे विसरायला होतं. अडतंय ते पदांशी. शारदा करणारी मुलगी १९ वर्षांची. गळा असा की तिने पहिला षड्ज लावला की चहाचे कप खाली ठेवले जातात. घरी तेलुगू बोलते, शास्त्रीय गाण्याच्या परीक्षा देतेय. संवाद म्हणताना ती शारदाच असते. पायपेटीवर, म्हणजे पायाने भाता मारायच्या पेटीवर, सूर आला की तिची नजर समोरच्या भिंतीवर जाऊन बसते, उजवा हात मांडीवर मात्रा मोजायला लागतो आणि शारदा निघून जाते. उरते ती परीक्षेला बसलेली विद्यार्थिनी. पद संपलं की शारदा परत येते.

कोदंडाचं, म्हणजे नाटकातल्या तरुण नायकाचं, नेमकं उलट. पंधरा वर्षं गद्य नाटकं केलेला नट, बँकेत नोकरी, रंगमंचावर उभा राहिला की नजर हलत नाही. पण गाताना वरच्या सुरांना घसरतो. घसरला की त्याला कळतं, आणि कळलं की अभिनयही घसरतो.

गटात तीन मतं पडलीत. एक, पदं निम्मी करा. दोन, पदं आधी रेकॉर्ड करून ठेवा, प्रयोगात नटांनी ओठ हलवावेत. तीन, आहे तसंच चालू ठेवा, प्रयोगापर्यंत होईल. मला तिन्ही पटत नाहीत, पण चौथं काही सुचत नाहीये. ज्यांनी संगीत नाटक बसवलंय त्यांनी सांगा, गाणं आणि पात्र एकाच माणसात एका वेळी कसं राहतं?

---

काळी चार

पहिला प्रश्न, कोदंड कुठल्या पट्टीत गातोय, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला त्याचा षड्ज धरलाय?

---

तालीमवाला

काळी एक, पहिली काळी पट्टी. पेटीवाल्यांनी तीच धरली, पुरुषांची म्हणून.

---

काळी चार

वाटलंच. 'पुरुष म्हणजे काळी एक, बाई म्हणजे काळी चार' हा हिशेब गवयांसाठी ठीक आहे, रोज रियाज केलेल्या गळ्यासाठी. तुमचा कोदंड बँकेतून येऊन गातोय. त्याला पांढरी सहा किंवा काळी पाच देऊन बघा, खालची. दोन-तीन स्वर खाली आलं की वरच्या षड्जाला तो ओरडणार नाही, पोचेल. हौशी नटाच्या बेसुरेपणातला अर्धा भाग चुकीच्या पट्टीचा असतो, हे मी बावीस वर्षं शिकवणी घेऊन सांगतेय. त्याला एकट्याला बसवून बोलायला सांगा, मोठ्याने, भांडणाच्या स्वरात. बोलताना आवाज जिथे ठरतो त्याच्या जवळपास त्याचा षड्ज ठेवा.

एक मात्र आत्ताच ठरवा. शारदेची पट्टी वेगळी आणि कोदंडाची वेगळी म्हटल्यावर तबले दोन लागतील, डग्गा एकच चालेल. प्रवेश बदलताना तबला चढवत-उतरवत बसलात तर प्रेक्षकांना हातोडीच ऐकू येईल.

---

कडक भाकरी

मागावर बसवलेलं 'शारदा' म्हणजे चादरीत गुंडाळून द्या की बे रसिकांना! मनापासून शुभेच्छा. शेंगाचटणी आणि भाकरी माझ्याकडून, रंगीत तालमीच्या रात्री. किती माणसं तेवढं कळवा.

---

तालीमवाला

@कडक भाकरी, वादकांसकट एकवीस. मागे हटायचं नाही आता.

---

विंगेतला

मी पदं कापण्याच्या पूर्ण विरोधात आहे, आणि कारण देतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं, दोन वर्षांनी 'सौभद्र'. त्यांनी पदं हौस म्हणून घातली नव्हती. नाटकाची गोष्ट पदांतून पुढे सरकते. देवल त्याच किर्लोस्कर मंडळीत तयार झाले. 'शारदे'तली पदं बघा, त्यात कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगतंय, टोमणा मारतंय, विनवतंय. ते पद काढलंत तर मधली पायरीच काढली. पुढचा संवाद हवेत लटकतो.

पूर्वी नाटकं रात्रभर चालत, एकेका पदाला तीन-तीन वन्स मोअर पडत. तेवढं आज कुणी करू नये. तान कापा, पुनरावृत्ती कापा, अंतरा दोनदा म्हणू नका. पद मात्र ठेवा.

---

रोखठोक

विंगेतले काका, आदर आहे, पण माझं मत वेगळं. मागच्या वर्षी मी एका हौशी संगीत नाटकाला गेलो होतो. पहिल्या अंकाअखेर माझ्या रांगेतली चार पोरं उठून गेली. ती वाईट पोरं नव्हती, एकांकिका करणारी होती. त्यांना गाणं नको नव्हतं. पण पद चालू असताना मंचावरचे बाकीचे तिघे खांबासारखे उभे होते, गाणारा संपायची वाट बघत. आमच्यासमोर कार्यक्रम चाललाय की नाटक, तेच कळेना. अशी पदं कापलेलीच बरी.

---

विंगेतला

@रोखठोक, तुम्ही सांगितलंत तो दोष त्या पदाचा नाही, त्या तिघांचा. आणि त्यांना तसं उभं करणाऱ्याचा. 'ऐकणाऱ्याने काय करायचं' हे कुणी बसवतच नाही. पद चालू असताना ज्याच्याशी बोललं जातंय त्याचा अभिनय हा त्या पदाचा अर्धा भाग.

---

रोखठोक

हे मान्य. हे कुणीतरी लिहून तालमीच्या भिंतीवर चिकटवा.

---

धा तिरकिट

रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकबद्दल बोलतो, तबलजी म्हणून.

ट्रॅकला कान नसतात. नट एक ओळ विसरला, पल्लूत पाय अडकला, प्रेक्षक हसले म्हणून दोन क्षण थांबला, तरी ट्रॅक पुढेच जाणार. पेटी-तबला समोर असले तर आम्ही त्याच्या तोंडाकडे बघतो. तो अडकला की ठेका एक आवर्तन फिरवतो, पेटीवाले मुखडा परत वाजवतात, प्रेक्षकाला कळतही नाही. मी एका प्रयोगात चार आवर्तनं फिरवली होती, नटीला पदाची पहिली ओळच आठवेना. पेटीवाल्यांनी हळूच ती ओळ वाजवून दाखवली आणि ती निघाली. टाळी मिळाली त्या पदाला.

आता सोलापूरचं हवामान. फेब्रुवारीत दुपारपासूनच हवा कोरडी होते. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, कोरड्या गरम हवेत ताणली जाते आणि स्वर चढतो. पावसाळी दमट हवेत ढिली पडते आणि उतरतो. पायपेटीचा स्वर ठरलेला, तो नटासाठी हलत नाही. म्हणून तबला नाट्यगृहात प्रयोगाच्या किमान दोन तास आधी नेऊन ठेवा, गाडीच्या डिकीत उन्हात नको. तिसऱ्या घंटेच्या आधी शेवटचा मिळवा.

---

नदीकाठ

मी पुण्याहून. जरा व्यावहारिक बाजू. साथीदारांना तीन महिने तालमीला बोलवायचं म्हणजे मानधन. हौशी गटाला ते झेपत नाही, हे सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. आम्ही तोडगा असा काढला: रोजच्या तालमीला ट्रॅक, शेवटच्या दहा तालमींना साथीदार. जमलं.

---

धा तिरकिट

@नदीकाठ, शेवटच्या दहाच? नट दोन महिने यंत्राच्या लयीत पक्का होतो आणि मग आम्ही माणसं त्याला नकोशी वाटतो. उलट करा. पहिल्या आठवड्यात पेटीवाल्यांना तीन दिवस बोलवा, चाली पक्क्या करा, मग मध्ये नुसत्या तानपुऱ्यावर तालीम, शेवटी पुन्हा साथ. पैसे तेवढेच लागतात.

---

नदीकाठ

नुसत्या तानपुऱ्यावर! हे डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या वेळी असंच करणार.

---

सुईदोरा

वेशभूषा सांभाळणारी म्हणून एक विनंती. शारदेला आणि तिच्या मैत्रिणींना नऊवारी आजपासूनच नेसवा, जुनी सुती चालेल. पंजाबी ड्रेसमध्ये बसवलेली हालचाल नऊवारीत बसत नाही. कमरेचा ओचा घट्ट असला की पोटातून श्वास घेता येत नाही, आणि गाणाऱ्या मुलीला ते प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा कळतं. आमच्या एका मुलीची तान तिथेच तुटली होती. तेव्हापासून मी गाणाऱ्यांचा ओचा बेंबीच्या दोन बोटं खाली बांधते आणि आतून नाडी देते.

भुजंगनाथाच्या पगडीचंही तेच. पगडी पहिल्यांदा डोक्यावर आली की माणूस मान हलवायचं विसरतो.

---

हुरडा पार्टी

शारदा नाटकामुळेच बालविवाहाचा शारदा कायदा आला ना? एवढं मोठं काम एका नाटकाने केलं, हे पत्रिकेवर मोठ्या अक्षरात छापा.

---

जुनी कात्रणं

@हुरडा पार्टी, हे खूप जणांना वाटतं, पण तसं छापू नका. १९२९चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा यांच्या नावावरून 'सारडा कायदा' म्हणून ओळखला गेला. मराठीत उच्चार जवळचा, विषय एकच, म्हणून 'शारदा कायदा' रूढ झालं. १ एप्रिल १९३० पासून तो लागू झाला, मुलीचं वय १४ आणि मुलाचं १८ ठरलं. देवलांचं नाटक त्याच्या तीस वर्षं आधीचं. त्याहीआधी १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा मुलींच्या संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर आली होती आणि त्यावरून महाराष्ट्रात केवढं रण माजलं. देवल लिहीत होते ते त्या सगळ्या वातावरणात. पत्रिकेवर हे छापा, हेही काही कमी नाही.

---

हुरडा पार्टी

धन्यवाद. मी शाळेत मुलांना चुकीचं सांगत आलो होतो. उद्याच दुरुस्त करतो.

---

आजीची पेटी

वयाचे आकडे वाचले आणि लिहावंसं वाटलं.

माझी पणजी मंगळवेढ्याकडची. बाराव्या वर्षी तिचं लग्न चाळिशीच्या बिजवराशी झालं. त्याची थोरली मुलगी पणजीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. ही मोठी मुलगी तिला 'आई' म्हणायची आणि दोघी मिळून सागरगोटे खेळायच्या, असं पणजीच सांगायची. सांगताना तिच्या तोंडावर काही नसायचं, ना राग ना हसू.

रेडिओवर जुनी नाट्यपदं लागली की आमच्या घरात सगळे ऐकत बसत. म्हाताऱ्या नवऱ्याच्या वयाची थट्टा करणारं 'शारदे'तलं पद लागलं की आजोबा, काका, आम्ही पोरं, सगळे हसायचो. पणजी उठून स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं चहा टाकायला जाते. ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आजीने सांगितलं, चुलीपुढे नुसती बसून असायची, पद संपेपर्यंत.

तालीमवाले, तुमचा भुजंगनाथ हसवणार, तो हसवायलाच हवा, देवलांनी तसाच लिहिलाय. पण सगळं नाट्यगृह हसत असताना एक माणूस मंचावर असा ठेवा जो हसत नाहीये. प्रेक्षकांत एखादी तरी नात असेल जिला तो दिसेल.

---

विंगेतला

ताई, हे वाचून उठलो आणि आईला फोन केला. तिची आजीही अशीच होती.

---

तालीमवाला

@आजीची पेटी, काल रात्री तुमचं लिहिलेलं मी गटाला वाचून दाखवलं. भुजंगनाथ करणारे आमचे ज्येष्ठ नट आत्तापर्यंत प्रत्येक वाक्याला कंबर धरून हशा घेत होते. त्यांनी स्वतःच सांगितलं, "निम्म्या जागा सोडतो." आणि शारदेची आई करणाऱ्या बाई म्हणाल्या, तो न हसणारा माणूस मी होईन. त्यांना त्या प्रवेशात काही कामच नव्हतं.

---

होटगी नाका

घरी कानडी बोलणारा मी, म्हणून दोन गोष्टी.

एक, तुमच्या तेलुगू मुलीला कुणी 'शुद्ध बोल' म्हणून टोकत असाल तर थांबवा. ळ आणि ण तिच्या भाषेत आहेत, ते तिला आपल्यापेक्षा स्वच्छ येत असतील. अडत असेल ते वाक्याच्या हेलात. तेलुगू-कानडीत आम्ही वाक्याच्या शेवटी वर जातो, देवलांची वाक्यं शेवटी खाली बसतात. तेवढंच सांगा, सुटेल. आणि 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकातली झरीना गाजवणाऱ्या फय्याज आपल्या सोलापूरच्या, हे तिला जरूर सांगा. या गावात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारे एकाच कट्ट्यावर चहा पितात. नाटकाच्या मराठीवर कुणा एकाचा सातबारा नाही.

दोन, किर्लोस्करी पदांवर छापलेली चालींची नावं वाचलीत का कधी? त्यात कानडी चालीही आहेत. किर्लोस्कर स्वतः बेळगाव-धारवाडकडचे, गुर्लहोसूरचे. मी पहिल्यांदा ती पदं ऐकली तेव्हा मला आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या आणि बायको म्हणाली, मराठी नाटक बघताना कानडीत काय गुणगुणताय!

---

कडक भाकरी

लय भारी लिहिलंय होटगी नाका. सातबाऱ्याचं वाक्य आमच्या गटाला पाठवलं.

---

उभा गंधार

आता मूळ प्रश्नावर येतो, तो मागे पडला. पद सुरू झालं की पात्र कुठे जातं?

मी पाच संगीत नाटकं बसवलीत, त्यातली दोन राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत विभागात. माझा अनुभव असा की पात्र जातं ते पद सुरू झाल्यावर नाही, त्याच्या आधीच्या वाक्याला. नटाला माहीत असतं, आता गायचंय. तो ते शेवटचं वाक्य उरकतो, घसा सैल करतो, उभं राहण्याची जागा बदलतो, पेटीच्या सुराची वाट बघतो. त्या तीन सेकंदांत पात्र मेलं. पुढे कितीही गाऊन काय होणार?

मी काय करतो ते सांगतो. आठ दिवस पद गायचं नाही. पदाचे शब्द संवाद म्हणून बोलायचे, समोरच्या माणसाला, त्याने मध्ये तोडलं तर तोडू द्यायचं. समोरच्याला मी गुपचूप सांगून ठेवतो, आज तू पाठ फिरव, आज तू हस, आज निघून जा. गाणाऱ्याला मग ते शब्द वापरावे लागतात, थांबवण्यासाठी, वळवण्यासाठी. आठ दिवसांनी सूर द्यायचा. पण पेटीवाल्यांनी वाक्य संपल्यावर सूर द्यायचा नाही. शेवटच्या वाक्याच्या खालीच षड्ज हळूच धरायचा, तो आधीपासून खोलीत असल्यासारखा. म्हणजे नटाला वाट बघावी लागत नाही, वाक्याच्या तोंडातूनच पहिली ओळ निघते. पहिली ओळ जवळजवळ बोलल्यासारखी, तालाशिवाय. ठेका येतो दुसऱ्यांदा मुखडा घेताना.

कोदंडासाठी: साक्या आणि दिंड्यांपासून, म्हणजे साध्या चालीत म्हणायच्या छोट्या पद्यांपासून, सुरुवात करा. दिंडीची ओळ १९ मात्रांची, नऊ आणि दहा अशी तुटते, बोलण्याच्या श्वासात बसते. तिथे गवयाचा गळा लागत नाही, शब्द सांगता आला पाहिजे. ते जमलं की त्याला स्वतःवर विश्वास येईल, मग मोठं पद द्या.

आणि शारदेच्या उजव्या हाताबद्दल. तो हात बांधू नका, त्याला काम द्या. पदर, परडी, आईचं मनगट. मोकळा हात ताल शोधतोच.

---

काळी चार

उभा गंधार यांच्याशी बाकी सगळं सहमत, एक सोडून. आठ दिवस अजिबात न गाणं गळ्याला चालणार नाही. घरी रियाज चालू ठेवावा, तालमीत बोलावं. नाहीतर नवव्या दिवशी गळा गंजलेला असतो.

---

उभा गंधार

बरोबर. घरचा रियाज मी गृहीत धरला होता, लिहायला हवं होतं.

---

कागदपत्र

थोडं रुक्ष पण कामाचं. देवल १९१६ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो, म्हणजे 'शारदे'ला लेखकाच्या परवानगीचा प्रश्न नाही. उद्या उत्साहाच्या भरात 'कट्यार' किंवा 'मत्स्यगंधा' घ्यायचं ठरलं तर वारसांची लेखी परवानगी आधी, तालीम नंतर. 'कट्यार'चे दर्व्हेकर १९९९ साली गेले, 'मत्स्यगंधा'चे कानेटकर त्यानंतर. आणि संहितेचं रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र बघून घ्या. काटछाट करून नवीन प्रवेश घुसवला असेल तर तेही दाखवावं लागतं.

---

रोखठोक

@तालीमवाला, डिसेंबर संपत आला. काय झालं शेवटी? की तुम्हीही पहिल्या अंकाअखेर उठून गेलात?

---

तालीमवाला (१९ जानेवारी)

गड्डा झाला, अक्षता पडल्या, नंदीध्वजवाले तिघे खांदे चोळत परत आले, तालीम परवापासून पुन्हा सुरू झाली. उशीर झाला, सगळं एकदम लिहितो.

कोदंडाला पांढरी सहा दिली. काळी चार ताई, तुम्हाला पेढे. पहिल्याच दिवशी तो वरच्या षड्जाला पोचला आणि स्वतःच दचकून थांबला. दोन दिंड्या पक्क्या झाल्या, बोलतोय की गातोय कळत नाही इतक्या. एक मोठं पद अजून जात नाहीये. तान पूर्ण काढली, तरी अंतऱ्यात घाबरतो. ते पद ठेवायचं की नाही हे मी २५ तारखेला ठरवणार आहे, त्याच्या तोंडाकडे बघून.

शारदेचं सांगतो. उभा गंधार यांच्या पद्धतीने सहा दिवस ती पद बोलली. आई करणाऱ्या बाईंनी तिला खूप छळलं, पाठ फिरवली, काम काढून बसल्या, एकदा सरळ जिना उतरून खाली गेल्या. मुलगी चिडली, तिच्या मागे जिन्यापर्यंत गेली आणि तेलुगूत काहीतरी बोलली. मी म्हटलं, आत्ता जे तेलुगूत बोललीस तेच देवलांनी मराठीत लिहिलंय. तिने एकदा संहितेकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

सूर दिल्यावर पहिले दोन दिवस पुन्हा भिंत. मग सात तारखेला रात्री साडेआठला लाइट गेली. खालचे माग एकदम थांबले. इतक्या महिन्यांत त्या खोलीत शांतता म्हणजे काय ते आम्ही ऐकलंच नव्हतं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद पडला. पेटीवाले मात्र पायाने भाता मारत होते, त्यांना विजेचं काय! त्यांनी सूर सोडला नाही. अंधारात भिंत दिसेना. तिने आईचा हात चाचपून धरला आणि पद म्हटलं. तबलजींनी ठेका धरलाच नाही, मी विचारलं तर म्हणाले, मध्ये बोलावंसं वाटलं नाही. आई करणाऱ्या बाई रडत होत्या, आम्हाला ते नंतर मोबाइलच्या उजेडात कळलं.

दुसऱ्या दिवशी लाइट होती आणि नजर पुन्हा निम्मी भिंतीवर गेली. सगळं एका रात्रीत सुटलं असं मी म्हणणार नाही. पण आता तिला माहीत आहे की परत कुठे यायचंय. पद सुरू होताना ती आईचं मनगट धरते, तेच आम्ही कायम केलंय, आणि ठेका दुसऱ्या मुखड्यापर्यंत नाही.

पदं एकूण सात कापली. विंगेतले काका, माफ करा. जी कापली ती दुय्यम पात्रांची होती, प्रत्येक वेळी आधी संवाद म्हणून वाचून बघितलं की मधली पायरी जातेय का. दोन तास पन्नास मिनिटं होतंय.

---

विंगेतला

सात चालतील. पायरी बघून कापलीत, मग माझं काही म्हणणं नाही. पहिल्या रांगेत मी, आणि माझी ८६ वर्षांची आई. जिना आहे का नाट्यगृहाला? तिला उचलून आणायला मी आणि भाचा आहोत, पण दार कुठलं ते कळवा.

---

आजीची पेटी

न हसणाऱ्या आईला माझ्याकडून एक नऊवारी. पणजीची आहे, विटकी जांभळी, सुती. @सुईदोरा ताई, तुम्ही सोलापुरातच ना? ओच्याची नाडी तुम्हीच लावून द्याल का?

---

सुईदोरा

देते. जुनं सूत आहे, धुताना पिळू नका, तशीच आणा. शनिवारी नवी पेठेत भेटू.

---

तालीमवाला

@विंगेतला, बाजूच्या दाराने रॅम्प आहे, मी स्वतः थांबतो. उद्याची तालीम सात वाजता. धा तिरकिट, येणार म्हणालात ना? दुसरा तबला घेऊन या, पांढरी सहाचा.